कुसानागी: गवत कापून नाव मिळवलेली तलवार

जपानी व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला 'कुसानागी' हे नाव कधी ना कधी भेटतंच. 'द किंग ऑफ फायटर्स'मध्ये १९९४ पासून हातातून आग काढत लढणारा क्यो कुसानागी तर कित्येकांच्या ओळखीचा. 'ओकामी'मध्ये या नावाचं शस्त्र आहे. 'फायनल फँटसी' मालिकेत याच तलवारीचं जुनं नाव, 'आमे नो मुराकुमो', वाचायला मिळतं. खेळात असं शस्त्र सहसा बऱ्याच उशिरा हाती लागतं आणि त्याच्या नावापुढचा आकडा बघूनच कळतं की आता समोरच्याची धडगत नाही.

आता दुसरं दृश्य. १ मे २०१९. टोकियोच्या राजवाड्यात नारुहितो सम्राट म्हणून गादीवर येत आहेत. विधी जेमतेम काही मिनिटांचा. दरबारी अधिकारी कापडात गुंडाळलेल्या पेट्या दोन्ही हातांनी उचलून आणतात, सम्राटांपुढच्या चौरंगांवर ठेवतात आणि मागे सरतात. त्यातल्या लांबट पेटीत तलवार आहे. पेटी कोणी उघडत नाही. सम्राटही नाही. तिचं नावही तेच: कुसानागी.

खेळातली तलवार आणि ही पेटीतली तलवार यांचा संबंध काय? मुळात ही गोष्ट आली कुठून? तेच इथे सावकाश उलगडून पाहू. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण मला स्वतःला ती कळली तेव्हा फार नवल वाटलं होतं. या तलवारीच्या सगळ्यात गाजलेल्या कथांमध्ये तिने राक्षस मारलेला नाही.

## कथा कुठे लिहिली आहे?

दोन ग्रंथ लक्षात ठेवले की पुरे. पहिला 'कोजिकी', इ.स. ७१२ मध्ये पूर्ण झालेला. दुसरा 'निहोन शोकी', इ.स. ७२० चा. दोन्ही जपानच्या राजघराण्याच्या सांगण्यावरून तयार झाले आणि दोन्हींत देवांच्या जन्मापासून राजांच्या वंशावळीपर्यंत सगळं येतं.

एकाच घरातला प्रसंग आजीने सांगितला आणि काकाने सांगितला की तपशील बदलतात, तसंच या दोघांचं आहे. कोजिकी गोष्ट सलग, रंगवून सांगतो. निहोन शोकीची पद्धत वेगळी. एक कथा सांगायची, मग 'दुसऱ्या एका लेखात असं म्हटलं आहे' म्हणत दुसरी सांगायची, मग तिसरी. त्यामुळे 'कुसानागीची खरी कथा कोणती?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. इ.स. ७२० मध्येही ते नव्हतं, आणि ते लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट लपवली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

## नदीतून वाहत आलेली काडी

सूर्यदेवी आमातेरासू आणि तिचा भाऊ सुसानोओ. भाऊ वादळासारखा. त्याने बहिणीच्या भातखाचरांचे बांध फोडले, कापड विणायच्या दालनात सोललेला घोडा फेकला. बहीण रागाने आणि भीतीने गुहेत जाऊन बसली आणि जगात अंधार झाला. ती कशीबशी बाहेर आली, पण सुसानोओला देवलोकातून हाकलून दिलं गेलं.

तो उतरला इझुमो प्रांतात, आजच्या शिमाने भागात, 'ही' नावाच्या नदीच्या वरच्या अंगाला. आणि इथे कोजिकीत एक छोटीशी ओळ आहे, ती मला सगळ्या कथेत सर्वांत आवडते. नदीतून एक जेवायची काडी वाहत येते. काडी आहे म्हणजे वर कुठेतरी माणसं आहेत, जेवतायत, असं ताडून हाकललेला देव नदीच्या काठाने वर चालायला लागतो. पुढचं सगळं महानाट्य त्या एका काडीमुळे घडतं.

वर गेल्यावर त्याला एक म्हातारा-म्हातारी रडताना दिसतात. आशिनाझुची आणि तेनाझुची अशी त्यांची नावं. दोघांच्या मध्ये त्यांची मुलगी, कुशिनादाहिमे. म्हातारा सांगतो, 'आम्हाला आठ मुली होत्या. दर वर्षी ओरोची येतो आणि एकेक गिळतो. आता ही एकच राहिली, आणि त्याची यायची वेळ झाली आहे.'

यामाता नो ओरोची म्हणजे आठ डोक्यांचा, आठ शेपट्यांचा सर्प. डोळे होओझुकीच्या लालभडक फळासारखे. अंगावर शेवाळ, आणि 'हिनोकी' व 'सुगी' ही जपानी सूचिपर्णी झाडं उगवलेली. लांबी आठ दऱ्या आणि आठ डोंगर झाकेल एवढी. पोट कायम रक्ताने माखलेलं. इथे प्रत्येक ठिकाणी आठ येतात, कारण जुन्या जपानीत 'या', म्हणजे आठ, हा आकडा 'पुष्कळ' या अर्थानेही वापरला जाई.

सुसानोओ मुलीला फणीचं रूप देऊन आपल्या केसांत खोवतो. म्हाताऱ्यांना सांगतो, आठ वेळा आंबवलेलं कडक मद्य करा. कुंपण घाला, त्याला आठ दारं ठेवा, प्रत्येक दारात चौथरा, प्रत्येक चौथऱ्यावर मद्याचं एक पिंप. ओरोची येतो, आठही तोंडं आठ पिंपांत घालतो, पितो आणि तिथेच झोपतो. मग सुसानोओ स्वतःची दहा मुठी लांबीची तलवार उपसतो आणि त्याचे तुकडे करतो. नदी रक्ताने लाल होते.

मधली शेपटी कापताना त्या तलवारीच्या धारेचा टवका उडतो. आत काहीतरी टणक आहे. तो शेपटी चिरून पाहतो, तर आत एक तलवार.

हीच ती. म्हणजे ओरोचीला मारलं सुसानोओच्या स्वतःच्या तलवारीने, आणि कुसानागी मिळाली ती मारून झाल्यावर. ही तलवार कोणी घडवली, कोणत्या भट्टीत, यावर कथेत चकार शब्द नाही. खेळांमध्ये कुसानागीच्या शेजारी अनेकदा 'मासामुने' नावाची तलवार ठेवलेली असते, पण मासामुने हा साधारण १३०० च्या आसपासचा खराखुरा लोहार होता. त्याची तलवार घडवलेली आणि कुसानागी सापडलेली, हा फरक मोठा आहे.

आणि सापडलेली वस्तू सुसानोओ ठेवून घेत नाही. ज्या बहिणीला त्याने दुखावलं होतं, तिलाच ती भेट म्हणून पाठवतो.

## मग गवताचा काय संबंध?

'कुसा' म्हणजे गवत आणि 'नागी' म्हणजे कापत जाणं, सपासप आडवं करणं. हे नाव कसं पडलं याची कथा कित्येक पिढ्यांनंतरची आहे. निहोन शोकीतल्या एका पाठानुसार आधीचं नाव 'आमे नो मुराकुमो', म्हणजे 'दाटून आलेल्या ढगांची', कारण ओरोचीच्या डोक्यावर नेहमी ढग जमलेले असत.

आमातेरासूने नातवाला पृथ्वीवर राज्य करायला पाठवलं तेव्हा आरसा, मणी आणि ही तलवार बरोबर दिली. तीच पुढे जपानची तीन राजचिन्हं झाली. मग येतो यामातो ताकेरू, सम्राट केइकोचा मुलगा. बापाने त्याला एका मोहिमेवरून परत येताच पूर्वेच्या दुसऱ्या मोहिमेवर धाडलं. वाटेत तो इसे इथे आपल्या आत्याला, यामातोहिमेला भेटला. कोजिकीत तो तिच्यापुढे रडतो, 'मी मेलो तरी बरं असंच वडिलांना वाटतं का?' आत्या त्याला ही तलवार देते आणि एक छोटी पिशवी. अडचणीत सापडलास तरच उघड, म्हणते.

पूर्वेकडच्या एका सरदाराने त्याला फसवून उंच गवताच्या माळावर नेलं आणि चारी बाजूंनी आग लावली. त्याने पिशवी उघडली. आत चकमक होती. तलवारीने त्याने आपल्याभोवतीचं गवत कापून काढलं आणि चकमकीने उलट दिशेने दुसरी आग लावली.

आगीवर आग कशी चालेल? वणवा विझवणारे हेच करतात. येणाऱ्या आगीच्या वाटेतलं गवत आधीच जाळून टाकलं की तिला खायला काही उरत नाही आणि ती तिथेच संपते. चमत्कारांनी भरलेल्या ग्रंथात हा प्रसंग असा शेतकऱ्याच्या अनुभवातून आल्यासारखा आहे. आजच्या शिझुओका भागातल्या याइझू या गावाच्या नावात 'जळणं' हा शब्द आहे आणि तो या प्रसंगाशी जोडला जातो. निहोन शोकीत एका टिपणात मात्र अद्भुत आहे: तलवार आपोआप म्यानातून निघाली आणि तिने गवत कापलं.

इथे कोणी म्हणेल, पुढे त्याने त्या दगाबाजांना कापून काढलंच ना? हो, कोजिकी तसं सांगतो. पण कशाने कापलं याचा उल्लेखही करत नाही. तलवारीला नाव मिळालं ते गवतावरून.

नावाबद्दल अभ्यासकांचं आणखी एक मत आहे. 'नागी' हा सापासाठीचा जुना शब्द असावा, 'उनागी' म्हणजे ईल माशाच्या नावात तो उरला असावा, आणि 'कुसा' म्हणजे उग्र. मग कुसानागी म्हणजे 'उग्र सर्पाची तलवार', आणि गवताची कथा नंतर नावावरून जुळवलेली. याला आधार असा की कोजिकी ओरोचीच्या प्रसंगातच तिला कुसानागी म्हणून मोकळा होतो, गवत पेटण्याच्या कितीतरी आधी. आपल्याला 'नागी' वाचताच नाग आठवतो, पण तेवढ्या ध्वनिसाम्यावर नातं जोडायची घाई करू नये.

## ओरोची म्हणजे कोण होता?

देवाने किंवा वीराने पाण्याजवळच्या सर्पाला मारणं ही कथा जगभर आहे. ग्रीकांचा पर्सियस समुद्रातल्या राक्षसापासून अँड्रोमेडाला सोडवतो, ऋग्वेदातला इंद्र पाणी अडवून बसलेल्या वृत्राला मारतो. पण इझुमोतल्या कथेला तिथल्या मातीचा वास आहे.

निहोन शोकीत मुलीचं नाव ज्या चिन्हांनी लिहिलंय त्यांचा अर्थ 'अद्भुत भातशेत' असा होतो. आता ती 'ही' नदी, आजची हिई, डोळ्यांपुढे आणा. डोंगरातून अनेक ओढे येऊन मिळतात, वरून पाहिलं तर एका धडाला अनेक डोकी. दर वर्षी पूर येतो आणि एकेक शेत गिळून नेतो. बांध फोडणारा सुसानोओ इथे कुंपणं आणि चौथरे बांधायला लावतो. पूर आणि त्याला घातलेला बांध, हे वाचन मला पटतं.

दुसरं वाचन लोखंडाचं. इझुमोच्या डोंगरांत लोहयुक्त वाळू मिळते. कोळशाबरोबर ती मातीच्या भट्टीत तीन-तीन दिवस-रात्री भाजून पोलाद काढायची 'तातारा' नावाची पद्धत तिथे अजून जिवंत आहे. भट्टीचे लाल डोळे, गंजाने लाल झालेलं नदीचं पोट, आणि शेवटी शेपटीतून निघालेलं पातं. चित्र मोहक आहे, पण मोठ्या प्रमाणावर डोंगर खणून वाळू नदीत धुणं हे कोजिकीनंतर पुष्कळ शतकांनी सुरू झालं. म्हणून मी हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

इझुमो आणि तलवारी यांचं नातं मात्र जमिनीतूनच वर आलं. १९८४ मध्ये तिथल्या कोजिन्दानी या ठिकाणी शेतरस्ता काढायच्या आधी पाहणी चालू होती. डोंगराच्या उतारावर काशाच्या तलवारी सापडायला लागल्या. मोजून ३५८. त्याआधी सबंध जपानात मिळून सापडलेल्या काशाच्या तलवारींपेक्षा जास्त, त्याही एकाच खड्ड्यात, चार ओळींत शिस्तीने उभ्या धारेवर ठेवलेल्या. जवळजवळ सगळ्यांवर, मुठीकडच्या टोकाला, × अशी खूण कोरलेली. त्या सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यातली एखादी कुसानागी असं कोणी म्हणत नाही. पण इझुमोतून तलवार मिळाली आणि ती राजघराण्याकडे गेली ही कथा तोवर अनेकांना निव्वळ कल्पना वाटत होती. तिच्याकडे बघायची नजर त्या उतारावर बदलली.

## ती समुद्रात बुडाली ना? मग पेटीत काय आहे?

इथे कथा संपून इतिहास सुरू होतो, आणि दोन्हीचा सांधा दिसत नाही. निहोन शोकी सांगतो की इ.स. ६६८ मध्ये दोग्यो नावाच्या भिक्षूने ही तलवार चोरली आणि तो कोरियातल्या सिल्ला राज्याकडे पळाला. वादळाने वाट चुकवून त्याला परत आणलं. ६८६ मध्ये सम्राट तेन्मू आजारी पडला. कौल लावला तेव्हा तलवारीचा कोप निघाला, म्हणून ती तातडीने आत्सुताच्या देवळात पाठवली गेली. हे देऊळ आजच्या नागोया शहरात आहे आणि मूळ तलवार तिथेच आहे अशी श्रद्धा आहे.

राजवाड्यात होतं ते तिचं प्रतिरूप, जपानीत 'काताशिरो'. ११८५ मध्ये दान-नो-उराच्या सामुद्रधुनीत ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांची शेवटची आरमारी लढाई झाली. ताइरा हरले. त्यांच्या बाजूचा बाल सम्राट आन्तोकू सहा वर्षांचा, त्या काळच्या मोजणीने आठ. त्याच्या आजीने तलवार कमरेला लावली, नातवाला उचललं आणि समुद्रात उडी घेतली. आरसा वाचला, मण्यांची पेटी तरंगताना सापडली. तलवार खूप शोधूनही मिळाली नाही.

त्या युद्धावरच्या जुन्या आख्यानात एक विद्वान म्हणतो, ओरोचीनेच आपली वस्तू परत नेली. आठ डोकी, आठ शेपट्या, म्हणून आठ वर्षांच्या राजाचं रूप घेऊन आला आणि तलवार घेऊन समुद्राच्या तळाशी गेला. एका बुडालेल्या मुलाचं दुःख लोकांनी असं कथेच्या सुरुवातीला नेऊन बांधलं, हे वाचताना गलबलून येतं.

पुढे इसेहून आलेली तलवार राजवाड्यातल्या कुसानागीच्या जागी मानली गेली. २०१९ च्या पेटीत आहे ते हे प्रतिरूप.

## म्हणजे ती नकली झाली?

असं वाटणं साहजिक आहे. आपण मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स या भाषेत विचार करतो. दिव्याने दिवा लावतो तेव्हा मात्र दुसरी ज्योत नकली असं कोणी म्हणत नाही. शिंतो या जपानच्या मूळ धर्मपरंपरेत देवाचं सत्त्व असंच एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येतं आणि पहिलं कमी होत नाही. वस्तू नवी, ज्योत तीच.

## कोणी पाहिलीच नाही, तर आहे कशावरून?

पुरावा मागितला तर देता येणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. देऊळ ती कोणालाही दाखवत नाही, संशोधकांनाही नाही. एदो काळातली (१७वं ते १९वं शतक) एक नोंद सांगितली जाते. आत्सुताच्या काही पुजाऱ्यांनी गुपचूप पेटी उघडली, तेव्हा आत सुमारे ८२ ते ८५ सेंटिमीटर लांबीची तलवार होती. पातं वेखंडाच्या पानासारखं टोकदार, मध्ये जाड, एकूण रंग पांढुरका. ज्यांनी पाहिलं त्यांतले बरेच पुढे आजारी पडून दगावले, असंही त्यात आहे. शेवटचा भाग बाजूला ठेवला तरी वर्णन बारकाईचं आहे.

आणि ते खेळातल्या चित्रांशी अजिबात जुळत नाही. खेळातली कुसानागी बहुतेक वेळा किंचित वाकडी, एका धारेची, सामुराईच्या हातात शोभणारी. तशा तलवारी जपानात साधारण १०व्या-११व्या शतकात रुळल्या. कुसानागीच्या पूर्ण नावातला 'त्सुरुगी' हा शब्दच सरळ, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या जुन्या तलवारीसाठी आहे.

## खेळांनी काय उचललं, काय सोडलं

चित्र चुकलं तरी काही खेळांनी कथा फार प्रेमाने वाचली आहे. 'किंग ऑफ फायटर्स'मध्ये ओरोचीला रोखणारी तीन घराणी आहेत: कुसानागी, याता आणि यासाकानी. तलवार, आरसा आणि मणी या तीन राजचिन्हांचीच ती नावं. यासाकानी घराणं ओरोचीशी हातमिळवणी करून यागामी होतं, म्हणून क्यो आणि त्या घराण्यातला इओरी यागामी यांचं वैर. २००६ च्या 'ओकामी'त ओरोचीची आठही डोकी मद्य पाजूनच नमवावी लागतात, आणि त्यातल्या एका शस्त्राचं नाव 'त्सुमुगारी' आहे. शेपटीतून निघालेल्या तलवारीला कोजिकी आधी याच शब्दाने ओळखतो.

एक गोष्ट मात्र खेळात उतरणं अवघड आहे. तिथे सगळ्यात मोठं शस्त्र सगळ्यात मोठ्या लढाईसाठी राखून ठेवायचं असतं. यामातो ताकेरूने नेमकं उलट केलं.

पूर्वेची मोहीम संपवून परतताना तो ओवारी इथे मियाझुहिमेकडे राहिला. तिच्याशी लग्न केलं. मग इबुकी डोंगरावरच्या देवाला नमवायला निघाला, आणि 'याला तर मी नुसत्या हातांनी धरीन' म्हणत तलवार तिच्याकडेच ठेवून गेला. डोंगरावर त्याला गाईएवढं मोठं पांढरं रानडुक्कर दिसलं. हा देवाचा नुसता दूत, परतताना बघू, असं म्हणून तो पुढे गेला. तो देवच होता. गारांचा मारा झाला, तो भ्रमिष्टासारखा खाली उतरला. पाय सुजले, काठी टेकत टेकत घराच्या दिशेने चालत राहिला आणि इसेतल्या नोबोनोच्या माळावर पडला. मियाझुहिमेने ती तलवार जपली आणि तिच्याभोवती आत्सुताचं देऊळ उभं राहिलं.

मरण्याआधी तो एक गाणं म्हणतो. त्यात ना शत्रू आहेत, ना जिंकलेले प्रांत. तिच्या अंथरुणाशेजारी मी ठेवून आलो ती तलवार, अरे ती तलवार, एवढंच आहे. आणि गाणं संपताच तो गेला, असं कोजिकीत लिहिलं आहे.